हात मेला

सुखदेव मिस्त्री माणसांना शिव्या द्यायचा, स्क्रूला कधी नाही. गाडीचा मालक डोक्यावर उभा राहून घाई करू लागला की आधी त्याच्या घराण्याचा उद्धार व्हायचा, आणि त्याच तोंडानं हातातल्या गंजक्या बोल्टची मनधरणी सुरू व्हायची. "चाल राजा. चाल बेटा. काहून अडून राहिला गा? मालक गधा आहे, त्यात तुहा काय दोष?" मालक बिचारा सगळं ऐकत उभा असायचा. जाणार कुठे? बाकीच्या मिस्त्र्यांनी हात टेकल्यावरच लोक सुखदेवकडे यायचे.

कामठी रोडवर माझं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्याला लागून सुखदेवची भाड्याची टिनाची शेड. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गाडी जुनी झाली म्हणून कुणी टाकत नसे. मरेपर्यंत चालवायचे आणि मेल्यावर ढकलत आमच्याकडे आणायचे. खापरखेड्याच्या वीजघराकडून, कन्हानच्या खाणींकडून येणाऱ्या जीपा तर विचारू नका. राख, कोळशाची भुकटी आणि पावसाळ्यातली ओल यांचा असा लेप स्क्रूवर चढलेला असायचा की पेचकस कुठल्या खाचेत घालायचा, हे कळायलाच आधी खरवडावं लागे. माझ्या कपाटात नवाकोरा भाग तयार असायचा, पण जुना निघाल्याशिवाय नव्याचं काय लोणचं घालायचं? थोडक्यात, माझं दुकान या शेजाऱ्याच्या मनगटावर चाललं होतं, आणि तो मला ते रोज ऐकवायचा. "मी आहो म्हणून तुमी आहा, भाऊ."

अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. अंगात काळी पडलेली बंडी आणि ओठांत नेहमी चार-दोन स्क्रू. काढलेला स्क्रू खाली ठेवला तर हरवतो म्हणून तो ओठांत धरायचा आणि तोंडाच्या उरलेल्या कोपऱ्यातून बोलायचा. त्याची बायको गिरजाबाई शेडीतच बसून घासलेटच्या डब्यात काढलेले भाग धुवायची. "गिळून घ्यान एखाद्या दिवशी," ती म्हणायची. "गिळला तं तूच काढजो वं," तो म्हणायचा. दिवसातून एकदा तरी हा संवाद व्हायचाच, आणि ज्या दिवशी झाला नाही त्या दिवशी त्यांचं भांडण आहे असं मी समजायचो.

जाम झालेल्या स्क्रूवर घासलेट सोडून, चिंधी गुंडाळून, तो मुरायला ठेवण्याला सुखदेवचा स्वतःचा शब्द होता, पाजणं. त्यावरून एकदा मोठी गंमत झाली. काटोलकडचे एक मास्तर सासऱ्यांची गाडी घेऊन आले होते. सदाचारी माणूस, डोक्यावर टोपी. दुपारी त्यांनी येऊन विचारलं, झालं का काम? गिरजाबाई डब्यातून मान वर न करता म्हणाली, "नाई जी. सकाळपासून पाजून राहिले. संध्याकाळपर्यंत ढिला होईन." मास्तर थेट माझ्या दुकानात. दिवसाढवळ्या दारू पाजतात, आणि बाईमाणूस ते सांगते, आणि तुम्ही शेजारी म्हणून गप्प बसता! मी त्यांना हाताला धरून नेलं आणि ओली चिंधी बांधलेला तो स्क्रू दाखवला. सुखदेव गाडीखालून म्हणाला, "मास्तर, तुमाले बी पाजू का? तुमी बी लई जाम झाले." मास्तरांनी तोंड फिरवलं, पण मला वाटतं ते हसत होते.

पाजून झालं की तो पाना लावायचा, आणि आधी स्क्रू आणखी कसायचा. नवख्याला वाटायचं, हा माणूस उलटं काय करतोय? पण गंजलेला स्क्रू आधी जरासा पुढे हलवला की त्याची पकड सुटते आणि मग तो मागे येतो. सुखदेवच्या भाषेत, आधी त्याच्या मनासारखं करायचं. पाना फक्त रुसवा काढण्यापुरता. स्क्रू पहिल्यांदा हलला, की पाना खाली पडलाच म्हणून समजा. पुढचे सगळे आटे नुसत्या बोटांनी. नवा स्क्रू बसवतानाही सुरुवात बोटांनीच. तेव्हा तो डोळे मिटायचा, मान वर करायचा आणि एकदम गप्प व्हायचा. त्याच्या शेडीत शांतता असायची ती तेवढीच. आटा आट्यात नीट शिरला की डोळे उघडायचे. "हे डोळ्याले दिसत नाई, भाऊ. बोटाले कळते," असं तो म्हणायचा.

मोटारीच्या धंद्यातल्या जुन्या माणसांत एक बोलणं होतं. वर्षानुवर्षं लोखंड हाताळून तळव्याची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली, चटका-ओरखडा लागेनासा झाला, की कौतुकानं म्हणायचे, याचा हात मेला. हात मेला म्हणजे मिस्त्री पक्का. सुखदेवचा उस्ताद मोमिनपुऱ्यातला. तो याला शिकाऊ असताना सारखा विचारायचा म्हणे, "हाथ मरा क्या रे?" आणि याचा मरत नसे. फोड यायचे. उस्ताद गेला तरी हात काही मेला नाही, याची सुखदेवला खंत होती.

म्हणून तो खेळ करायचा. काही नट पाजूनही सुटत नसत, त्यांना फुरफुरत्या ज्योतीच्या दिव्यानं तापवावं लागे. असा नट निघाला की सुखदेव तो पकडीनं दगडावर ठेवायचा, त्यावर थुंकायचा, चर्र आवाज कितपत येतो ते ऐकायचा, आणि जरा वेळानं उचलून या हातातून त्या हातात उडवत मालकाकडे न्यायचा. "घ्या मालक, तुमचा नट." मालक बेसावधपणे हात पुढे करायचा आणि बोंबलायचा. समोरचा चहावाला खो-खो हसायचा. आम्हीही हसायचो.

एका उन्हाळ्यात मात्र सुखदेवनं नट उडवला नाही. उचलला, तळहातावर ठेवला, आणि मूठ मिटून उभा राहिला. मग मूठ उघडली, पुन्हा मिटली, आणि माझ्या दुकानाकडे तोंड करून ओरडला, "भाऊ! हात मेला!"

टाळ्या पडल्या. चहावाल्यानं फुकट चहा पाजला. त्या दिवसापासून हा प्रकार गाजला. जाम झालेला नट हे निमित्त करून लोक नुसता तो मिटलेला हात पाहायला यायचे. सुखदेव तर असा चालायचा की जणू सरकारनं त्याला बिल्ला दिला. उस्ताद पाहायला राहिला नाही, एवढंच त्याला वाईट वाटे. त्या दोन शब्दांचा मला आजही संताप येतो. ते आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होते, म्हणून डोळ्यांसमोर काय चाललं आहे ते कुणालाच दिसलं नाही.

पावसाळा संपताना एक टॅक्सीवाला शेडीत आला तोच ओरडत. तो धंतोलीतल्या दवाखान्यांत गावोगावचे पेशंट आणून सोडायचा. सुखदेवनं आदल्या दिवशी त्याच्या ब्रेकच्या नळीचा गंजलेला नट काढून नवा बसवला होता. "मिस्त्री, पोटुशी बाई होती गा माह्या गाडीत! ब्रेक लागलाच नाई. झाडाले नेऊन टेकवली मी." कुणाला लागलं नव्हतं. पण ब्रेकचं तेल सगळं गळून गेलं होतं, आणि नट पाहिला तर तिरपा शिरलेला. आटे चुकलेले. मी सुखदेवच्या शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या नाहीत. तो नुसता आपल्या बोटांकडे पाहत होता. मग माझ्यावर उखडला. नट तुमच्या दुकानातला, भाऊ, तुमीच खराब माल ठेवता! आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवसांनी आणखी एका गाडीत तेच झालं आणि त्या वेळी नट माझ्याकडचा नव्हता.

त्यानंतर एका दुपारी तो शेडीत झोपला असताना गिरजाबाई दुकानात आली. पदराला हात पुसत उभी राहिली. पुसून झाले तरी पुसतच होती.

"भाऊ, याइच्या हाताले काही कळत नाई."

"त्यांचा हात मेला ना, बाई," मी थट्टेनं म्हणालो.

"थट्टा नोका करू. काल चुलीपाशी बसले होते. निखारा सरकला. मले वास आला, तवा मी हात ओढला. ते बोलूनच राहिले होते, भाऊ. लाकडं ओली आणली म्हणून मले बोलून राहिले होते."

मी हातातली हिशेबाची वही मिटली.

"झोपेत सुई टोचून पायली मी. दंडावर पांढुरका चट्टा बी आहे. कधीचा आहे. तुमी सांगा त्याइले. माह्यं ऐकत नाईत."

मी सांगितलं. माझ्याही घराण्याचा उद्धार झाला. मग मी हिशेबाच्या कागदांना टोचायची सुई आणली आणि म्हटलं, तोंड तिकडे करा. टोचली. तो तिकडे तोंड करून म्हणाला, "टोचा न, वाट काहून पाहून राहिले?" वळला तेव्हा बोटावर रक्ताचा थेंब होता. त्यानं तो बंडीला पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "जाम झाला असन."

धंतोलीतल्या कातडीच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पिसानं, टाचणीनं, गरम-गार पाण्याच्या नळ्यांनी तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं, कुष्ठरोग. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली करतात. गिरजाबाईनं पदर तोंडात धरला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आता गोळ्या आहेत. काही वर्षं नेमानं घ्यायच्या. आजार थांबेल, घरात कुणाला होणार नाही.

"आन बोटं?" सुखदेवनं विचारलं.

"आहेत ती वाचवायची. चटका नको, जखम नको. तुम्हाला कळणार नाही, म्हणून जास्त जपायचं."

"ते नाई. बोटाले परत कळन का?"

डॉक्टरांनी मान हलवली. गेलेली जाणीव येत नाही.

"एकदम नाई म्हणत मी, साहेब. हळूहळू. रोज काही पाजत राहिलो त्याले, तेल-गिल, जरासा शेक..."

"शेक तर मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. पाजणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं नाही. कसं कळणार?

परतताना सायकलरिक्षात त्यानं माझा हात धरला. इतका जोरात की मला दुखलं, आणि त्याला ते कळत नव्हतं. "भाऊ, कोणाले सांगू नोका. समजलं तं शेडीत कुत्रं फिरकणार नाई. मले दुसरं काही येत नाई हो."

खोटं नव्हतं ते. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, शेती नव्हती, पोरबाळ नव्हतं. शेड होती आणि बोटं होती. त्यापुढचे महिने माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो शेडीला गोणपाट लावून घ्यायचा आणि आत नट-बोल्टचा डबा घेऊन बसायचा. डोळे मिटून स्क्रू लावायचा, काढायचा, लावायचा. उघडून पाहिलं की तिरपा. पुन्हा काढायचा. मग त्यानं कानानं शिकायचं ठरवलं. स्क्रू आधी उलटा फिरवला तर आटा आट्यावरून उतरताना बारीक ‘टक्’ होतं, ते ऐकायचं आणि मग पुढे फिरवायचं. कान लोखंडाला लावून बसायचा. पण रस्त्यावरून एक ट्रक गेला की गेलं सगळं. शिव्या द्यायचा, ट्रकवाल्याला, मला, उस्तादाला. स्क्रूलाही पहिल्यांदाच त्या काळात शिवी दिली.

एकदा मी गोणपाट सारून आत गेलो, तर तो जुन्या स्क्रूचं टोक ओठांवरून फिरवत होता, मग जिभेवरून. आटे मोजत असल्यासारखा. मला पाहून त्यानं तो तोंडातून काढला. "इथं कळते, भाऊ," तो म्हणाला. "ओठाले अजून कळते." आणि मग तो रडला. एवढा मोठा आडदांड माणूस, तोंडाला गंज लागलेला. मी गिरजाबाईला हाक मारली.

तेव्हापासून पहिले आटे गिरजाबाई लावू लागली. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई हाताशी मदत करते आहे. हे असं चाललंही असतं. मला अजून वाटतं की चाललं असतं.

हिवाळ्यात खापरखेड्याचा एक ठेकेदार जीप घेऊन आला, सोबत चार पाहुणे. सायलेन्सरचा नट जाम. तो तापवून निघाला, आणि ठेकेदारानं पाहुण्यांना पुढे ओढलं. "आता पाहा आमच्या मिस्त्रीची कमाल."

"आज नाई," सुखदेव म्हणाला.

"काहून गा? हात परत जिता झाला का?"

सगळे हसले. चहावाला समोरून कपबश्या घेऊन येत होता. तो सहज म्हणाला, "मिस्त्री, तुमी धंतोलीत दिसले होते न? त्या कातडीच्या डॉक्टराच्या पायरीवर? का झालं?"

वाईट हेतूनं म्हणाला असंही नाही. पण हसणं थांबलं. पाहुण्यांतला एक जण अर्धं पाऊल मागे सरकला, आणि ते पाऊल सुखदेवनं पाहिलं. मीही पाहिलं. त्यानं दगडावरचा नट उचलला. थुंकून पाहिलं नाही, थांबला नाही. मूठ मिटली आणि हसत उभा राहिला, एकेकाच्या डोळ्यांत डोळे घालून. "काय पाह्यजे? हात मेला आहे माहा! पाहा!"

पहिल्यांदा टाळी कुणी वाजवली ते आठवत नाही. मग सगळ्यांनी वाजवली. वास आधी मला आला की गिरजाबाईला, तेही सांगता येत नाही. ती डबा लाथाडून धावली, दोन्ही हातांनी त्याची मूठ उघडू लागली. उघडेना. बोटं त्याला स्वतःलाही सोडता येत नव्हती. ठेकेदार म्हणाला, "वा! याले म्हणतात हात मेला."

"मेला!" गिरजाबाई किंचाळली. "खरंच मेला! रोग झाला त्याइले, रोग! आता तरी घरी जा नं रे बाप्पाहो!"

टाळ्या थांबल्या. कपबश्या तशाच राहिल्या. ठेकेदारानं सुटलेला सायलेन्सर तारेनं बांधला आणि जीप धडधडत निघून गेली.

पुढचं पटकन सांगतो, कारण ते पटकनच झालं. हात चिघळला, दोन बोटं काढावी लागली. शेडीच्या मालकानं कुलूप लावलं. चहावाल्यानं सुखदेवसाठी वेगळा कप खुंटीला अडकवला. मी चहावाल्याशी भांडलो, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मले समजलं. पण बाकीचे चहा पेतीन का?" एक दिवस गिरजाबाईचा भाऊ कन्हानहून बैलगाडी घेऊन आला. सुखदेव दुकानासमोरून गेला, पण वर पाहिलं नाही.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. कन्हानला माल पोचवायला गेलो होतो. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जुना ट्रक उभा होता आणि त्याच्या पुढच्या दिव्यापाशी गिरजाबाई वाकलेली होती. दिव्याच्या कड्याचा स्क्रू लावत होती. सुखदेव तिच्याजवळ उकिडवा बसला होता, चिंध्यांनी बांधलेले हात मांडीवर, कान पत्र्याला लावलेला. ट्रकवाला दूर सावलीत आडवा झाला होता. दोघांचीही पाठ माझ्याकडे होती. हाक मारावी म्हणून मी बाजूनं जवळ गेलो.

"बसला," गिरजाबाई म्हणाली.

"ते ऐकू आलं मले. बोटाले कसं लागलं?"

"कसं म्हणजे? बसला नं नीट."

"नाई वं. आट्यात शिरते तवा बोटाले कसं लागते, ते सांग. मी विसरून राहिलो."

गिरजाबाईनं नीट बसलेला तो स्क्रू पूर्ण बाहेर काढला, फुंकर मारली, आणि परत भोकाला लावला.

"आता टेकला," ती सांगू लागली. "आता अडून राहिला... जरासा हालला..."

सुखदेवनं डोळे मिटले, मान वर केली.

"हळू," तो म्हणाला. "हळू फिरव वं."